कर्करोगाचे शिक्षण जिल्ह्यापर्यंत उतरावे

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, पुढच्या तीन वर्षांत देशातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोगाचे डे-केअर केंद्र सुरू करण्याची घोषणा झाली. त्यांतली २०० केंद्रे पहिल्याच वर्षी उघडायची होती. त्याच वर्षी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने १८ रुग्णालयांमधून तीन स्तरांवर कर्करोगावरील उपचार देण्याच्या धोरणाला मंजुरी दिली. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. इमारत दोन-तीन वर्षांत उभी राहते, यंत्र निविदा काढून आणता येते. पण केमोथेरपीची दिशा ठरवणारा किंवा गाठ काढणारा तज्ज्ञ घडायला बारावीनंतर कमीत कमी साडेअकरा वर्षे लागतात. आज एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात बसलेला विद्यार्थी एकही प्रवेश परीक्षा न हुकता पुढे गेला, तरी त्याच्या हाताला तयारी येईपर्यंत या घोषणांची मुदत संपून बराच काळ लोटलेला असेल. म्हणून लगेच दोन सूर निघतात. एक म्हणतो, हा अभ्यासक्रम आखूड करा. दुसरा म्हणतो, सुपरस्पेशालिटीच्या जागा वाढवा. माझ्या मते दुखणे वेगळ्या ठिकाणी आहे. आपण कर्करोगाचे शिक्षण वैद्यकीय शिक्षणाच्या अगदी शेवटच्या पायरीवर नेऊन ठेवले आहे. ती पायरी आहे तशीच कठीण राहू द्यावी, पण खालच्या प्रत्येक पायरीवर कर्करोग शिकवावा आणि मधली एक पायरी नव्याने बांधावी.

आधी ही वाट कशी आहे ते पाहू. नीट देऊन एमबीबीएसला प्रवेश मिळाला, की साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप. मग नीट-पीजी आणि तीन वर्षांचे एमडी किंवा एमएस. औषधांनी उपचार करणारा मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट व्हायचे तर प्रामुख्याने जनरल मेडिसिनमधून, शस्त्रक्रिया करणारा सर्जिकल ऑन्कॉलॉजिस्ट व्हायचे तर प्रामुख्याने जनरल सर्जरीमधून. त्यानंतर नीट-एसएस ही तिसरी परीक्षा, आणि अनुक्रमे डीएम किंवा एमसीएच ही आणखी तीन वर्षे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीआरएनबी ही समकक्ष पदवीही आहे. रेडिएशन ऑन्कॉलॉजीची वाट वेगळी असते. तिथे एमबीबीएसनंतर थेट तीन वर्षांचे एमडी, म्हणजे एकूण साडेआठ वर्षे. हे सारे हिशेब कागदावरचे. प्रत्येक प्रवेश परीक्षेच्या तयारीत एखादे वर्ष जाते, सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्यांना बंधपत्राची सेवा असते, आणि स्तन, डोके-मान किंवा रक्ताचा कर्करोग अशा एकाच क्षेत्रात मुरायचे असेल तर वर्ष-दोन वर्षांची फेलोशिप वेगळी. स्वतःच्या सहीने उपचार ठरवू लागेपर्यंत तिशी उलटलेलीच असते.

ही वाट विनाकारण लांबवलेली आहे, असे मात्र नाही. अमेरिकेत पदवीनंतर चार वर्षांचे वैद्यकीय महाविद्यालय, तीन वर्षांची इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी आणि त्यानंतर ऑन्कॉलॉजीची फेलोशिप, असा प्रवास असतो; तिथेही तिशी ओलांडतेच. हा काळ कशासाठी लागतो, याचे उत्तर परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या एका अभ्यासात सापडते. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या अवस्थेत असताना मानेतल्या ग्रंथी हाताला लागत नसल्या तरी त्या पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की वाढल्या तर नंतर काढाव्यात, हा शल्यविशारदांमधला जुना वाद होता. २०१५ मध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्याच वेळी ग्रंथी काढलेल्या रुग्णांपैकी ८० टक्के तीन वर्षांनंतर हयात होते. वाट पाहिलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. तोंडातली गाठ तेवढी काढून मान तशीच सोडण्याची किंमत या दोन आकड्यांमधल्या अंतरात दिसते. कर्करोगात पहिली संधी हीच बहुधा सर्वांत मोठी संधी असते. स्तनाच्या गाठीत ईआर, पीआर आणि हर-टू या रिसेप्टर-तपासण्या न करता औषध सुरू केले, किंवा रेडिएशनच्या आखणीत मज्जारज्जू, लाळग्रंथी यांचा विचार चुकला, तर पुढे कितीही मोठा तज्ज्ञ आला तरी ते नुकसान पूर्ण भरून निघत नाही. त्यामुळे डीएम-एमसीएचची वर्षे कमी करून तज्ज्ञांची संख्या फुगवण्याच्या कल्पनेला माझा ठाम विरोध आहे.

पण केवळ या वाटेवर विसंबूनही भागणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १४ लाख नव्या रुग्णांची भर पडली आणि नऊ लाखांहून अधिक मृत्यू झाले. आपल्याकडच्या पुरुषांत तोंडाचा आणि स्त्रियांत स्तनाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. हे दोन्ही असे आजार आहेत, की वेळेत पकडले तर बरे होण्याची शक्यता चांगली असते आणि उशीर झाला तर उपचार लांबतात, महागतात आणि हाती फारसे लागत नाही. तरीही तज्ज्ञ मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत एकवटलेले आहेत. याचा दोष केवळ डॉक्टरांच्या हावेला देणे सोपे असले तरी ते अपुरे आहे. एमसीएच झालेल्या सर्जनला रक्तपेढी, अतिदक्षता विभाग, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रिया चालू असतानाच गाठीचा तुकडा तपासून सांगणारा पॅथॉलॉजिस्ट लागतो. रेडिएशनच्या यंत्राला तर डॉक्टरइतकाच मेडिकल फिजिसिस्ट आवश्यक असतो. तो भौतिकशास्त्रात एमएस्सी करून भाभा अणु संशोधन केंद्राच्या एक वर्षाच्या पदविकेसारखे प्रशिक्षण घेऊन येतो आणि त्याच्याशिवाय अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार यंत्र चालवता येत नाही. एकटा तज्ज्ञ जिल्ह्याला नेऊन बसवला, तर त्याचे कौशल्य वापराविना गंजते आणि वर्षभरात तो शहराची गाडी पकडतो.

रुग्ण उशिरा पोहोचतो, हे वाक्य प्रत्येक कर्करोग रुग्णालयात ऐकू येते. त्या उशिराचा मोठा भाग रुग्णाच्या घरात जातो, हे खरे आहे: भीती, पैशाची चणचण, घरातल्या बाईच्या आजाराला दिलेले दुय्यम स्थान. पण काही भाग दवाखान्यातही जातो, आणि त्याबद्दल आपण कमी बोलतो. तोंडातला व्रण तीन आठवडे भरत नाही, तरी जीवनसत्त्वाच्या गोळ्या बदलून दिल्या जातात. शौचातून रक्त पडते, बोट घालून तपासणी न करता मूळव्याध ठरवली जाते. फुफ्फुसावरची सावली पाहून थुंकीत जंतू न सापडताही क्षयाचे उपचार महिनोन्‌महिने चालतात. स्तनातली गाठ दुखत नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही, असा दिलासा मिळतो. वास्तविक न दुखणाऱ्या गाठीचीच अधिक धास्ती घ्यायला हवी. हे सगळे डॉक्टर अप्रामाणिक किंवा निष्काळजी असतात, असे नाही. त्यांना कर्करोगाचा संशय घ्यायला कुणी नीट शिकवलेलेच नसते. एमबीबीएसमध्ये कर्करोग हा स्वतंत्र विषय नाही. तो पॅथॉलॉजीत पेशींच्या रूपाने, सर्जरीत गाठीच्या रूपाने, स्त्रीरोगशास्त्रात गर्भाशयमुखाच्या रूपाने तुकड्यातुकड्यांनी भेटतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या इंटर्नशिप नियमावलीत मेडिसिन, सर्जरी, प्रसूतिशास्त्र, अस्थिरोग, अगदी न्यायवैद्यकशास्त्राचेही सक्तीचे दिवस ठरलेले आहेत. कर्करोगाच्या ओपीडीत सक्तीचा एक आठवडाही नाही.

खालच्या पायरीवर दिलेले प्रशिक्षण जीव वाचवते, याचा पुरावा परदेशातून आणण्याची गरज नाही. तो आपल्याच मातीतला आहे. आजच्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयोगटातल्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, एचपीव्ही विषाणूची एकदाच चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी याहून साधी पद्धत वापरली. प्रशिक्षित आरोग्यसेविका गर्भाशयमुखाला ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मृत्यूंत ३१ टक्के घट दिसली. या सेविका पदवीधर डॉक्टर नव्हत्या. इथे एक बाब प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. ॲसिटिक आम्लाची हीच पद्धत धाराशिवच्या अभ्यासात एकदाच वापरली गेली, तेव्हा मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नव्हती. मुंबईत दर दोन वर्षांनी तपासणीच्या अशा चार फेऱ्या झाल्या. यातून दिसते ते इतकेच, की एकदा शिबिर घेऊन छायाचित्र काढल्याने काही साधत नाही. ठरलेले काम, त्या कामापुरते नेमके प्रशिक्षण, वारंवार तपासणी आणि वर बसलेल्या तज्ज्ञाची देखरेख, एवढे असेल तर बारा वर्षांच्या शिक्षणाची वाट न पाहताही जीव वाचतात.

आता मधल्या पायरीकडे येऊ. जिल्हा रुग्णालयातल्या डे-केअर केंद्रात रोज काय घडणार आहे? मोठ्या केंद्राने ठरवून दिलेली केमोथेरपी तिथे दिली जाईल. त्यासाठी रुग्णाची उंची-वजन घेऊन मात्रा पुन्हा तपासणे, रक्तातल्या पेशींचे प्रमाण पाहून आजची फेरी द्यायची की पुढे ढकलायची ते ठरवणे, औषध शिरेबाहेर झिरपले तर काय करायचे हे ठाऊक असणे, ही कामे आहेत. त्यांहून महत्त्वाचे म्हणजे फेरीनंतर आठ-दहा दिवसांनी ताप घेऊन आलेला रुग्ण ओळखणे. त्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. तासाभरात शिरेतून प्रतिजैविक गेले तर माणूस वाचतो, आणि साधा ताप समजून पॅरासिटॅमॉल देऊन घरी पाठवला तर दगावू शकतो. या कामांना डीएम लागत नाही, पण चार व्याख्यानांची कार्यशाळाही पुरत नाही. एमडी मेडिसिन झालेल्या किंवा अनुभवी वैद्यकीय अधिकाऱ्यासाठी एक वर्षाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम असावा. त्यातले निदान सहा महिने मोठ्या कर्करोग रुग्णालयाच्या वॉर्डात आणि उरलेले जिल्ह्यात देखरेखीखाली जावेत. केमो देणे, त्याचे दुष्परिणाम हाताळणे, बायोप्सी योग्य जागेतून घेणे, मॉर्फिनची मात्रा ठरवणे आणि रुग्णाच्या घरच्यांशी खरे बोलणे, एवढे त्याला पक्के यावे. सोबत परिचारिकांसाठी तितकेच गंभीर प्रशिक्षण हवे, कारण सुई त्यांच्या हातात असते. मध्य प्रदेशाने गेल्या दशकात डॉ. दिनेश पेंढारकर यांच्या पुढाकाराने जिल्हा रुग्णालयांतल्या डॉक्टर-परिचारिकांना प्रशिक्षण देऊन ठरलेल्या केमोच्या फेऱ्या गावाजवळ आणल्या. आसामने टाटा ट्रस्टच्या मदतीने जिल्ह्याजिल्ह्यांत कर्करोग रुग्णालयांची साखळी उभारली. म्हणजे रस्ता नवा नाही. त्याला शिक्षणाची औपचारिक चौकट द्यायची आहे.

यावर पहिला आक्षेप नैतिक आहे: मुंबईच्या श्रीमंताला डीएम आणि गडचिरोलीच्या गरिबाला वर्षभर शिकलेला डॉक्टर, हा दुय्यम दर्जाचा न्याय नाही का? आक्षेप वजनदार आहे, पण त्यात एक गृहीत लपलेले आहे. गडचिरोलीच्या रुग्णासमोर आज डीएम आणि वर्षभर शिकलेला डॉक्टर असा पर्याय नाही. त्याच्यासमोर शेकडो किलोमीटरचा प्रवास आणि अर्धवट सोडलेले उपचार असा पर्याय आहे. केमोच्या सहा फेऱ्यांपैकी दोन घेऊन घरी बसलेल्या माणसाला उत्तम प्रिस्क्रिप्शनचा उपयोग नाही. शिवाय उपचारांची दिशा या मधल्या डॉक्टरने ठरवायचीच नाही. प्रत्येक नवा रुग्ण ट्यूमर बोर्डासमोर जायला हवा, जिथे सर्जन, मेडिकल आणि रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, रेडिऑलॉजिस्ट एकत्र बसून निर्णय घेतात. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आज देशभरातली तीनशेहून अधिक केंद्रे आणि संस्था जोडलेल्या आहेत; त्यांची सामायिक उपचारसूत्रे उपलब्ध आहेत आणि दूरस्थ ट्यूमर बोर्ड भरवण्याचा अनुभवही आहे. निर्णय परळ किंवा नागपूरचा आणि अंमलबजावणी जिल्ह्याची, अशी विभागणी असेल तर गरिबालाही तज्ज्ञाचेच डोके मिळते.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे आणि मला तो अधिक सतावतो. वर्षभराचा अभ्यासक्रम केलेला डॉक्टर उद्या तालुक्याच्या चौकात ‘कॅन्सर स्पेशालिस्ट’ अशी पाटी लावून बसेल, हे भय काल्पनिक नाही. कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स (सीपीएस) या संस्थेच्या पदविकांच्या दर्जावरून आणि मान्यतेवरून राज्यात बराच वाद झाला आहे. त्यामुळे नव्या पायरीला सुरुवातीपासून कुंपण हवे. पदवीचे नाव असे असावे, की त्यात तज्ज्ञ असा अर्थ ओढूनताणूनही काढता येऊ नये. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तिची वेगळी नोंद व्हावी, कोणती औषधे द्यायची आणि कोणती नाहीत याची यादी ठरावी, आणि हा अधिकार ठराविक केंद्राशी जोडलेला असेपर्यंतच टिकावा. केंद्र सोडले की अधिकार संपला. दर दोन-तीन वर्षांनी फेरतपासणी व्हावी आणि केंद्रातल्या गुंतागुंती, मृत्यू, अर्धवट सुटलेले उपचार यांचा हिशेब जाहीर व्हावा. गैरवापराची शक्यता असते म्हणून चांगली व्यवस्था उभारायचीच नाही, असे ठरवले तर आजची जी अनौपचारिक व्यवस्था आहे, जिथे कुणीही कुणाच्याही चिठ्ठीवर केमो लावतो, तीच चालू राहील. नियमांशिवायचे केमो हेच खरे धोकादायक केमो आहे.

तिसरा आक्षेप वैद्यकीय शिक्षकांचा असेल: एमबीबीएसच्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर आधीच इतके ओझे आहे, त्यात कर्करोग कुठे बसवायचा? मी नवा पेपर मागत नाही. इंटर्नशिपमध्ये दोन आठवडे कर्करोगाच्या ओपीडीत आणि तपासणी शिबिरात घालवावेत, आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख, मान आणि गुदद्वार यांची तपासणी प्रत्यक्ष करून दाखवल्याशिवाय पूर्णतेचा दाखला मिळू नये, इतके पुरे. ब्रिटनमध्ये कोणत्या लक्षणांवर कुटुंब-डॉक्टरने कर्करोगाचा संशय धरून रुग्णाला तातडीने पुढे पाठवायचे, याची मार्गदर्शक सूचना ‘नाइस’ ही संस्था प्रसिद्ध करते. आपल्या आजारांच्या क्रमाने तशी दोन पानांची मराठी सूचना प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर असावी आणि ती दंतवैद्यांनाही बंधनकारक असावी, कारण गुटखा खाणाऱ्याचे न उघडणारे तोंड सर्वांत आधी त्यांना दिसते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी ते तोंड आजही दवाखान्यात येतेच आहे.

डीएम-एमसीएचच्या जागा वाढवाव्यात की नाही? जरूर वाढवाव्यात, पण जिथे रुग्ण, शिक्षक, पॅथॉलॉजी आणि रेडिएशन एकत्र आहेत तिथेच. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि नागपूरची केंद्रे ही त्यासाठी स्वाभाविक ठिकाणे आहेत. कागदावर जागा मंजूर करून शिक्षक नसलेल्या महाविद्यालयांना वाटल्या, तर पदव्या वाढतील आणि तज्ज्ञ वाढणार नाहीत. एक उपाय तर आयता हाताशी आहे. एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना आज तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे सक्तीचे आहे. डीएम आणि एमसीएचच्या विद्यार्थ्यांनाही तसे तीन महिने डे-केअर केंद्रांत पाठवावे. त्यांना शेवटच्या अवस्थेतला रुग्ण तिथवर कसा पोहोचतो ते कळेल, आणि जिल्ह्यातल्या डॉक्टरला शेजारी बसून शिकवणारा कुणीतरी मिळेल. बंधपत्राची सेवाही याच केंद्रांशी जोडावी. तज्ज्ञाला ज्या रुग्णालयात शस्त्रक्रियेचे साहित्यच नाही तिथे एक वर्ष बसवून ठेवण्याने कुणाचेच भले होत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने कर्करोगाच्या अनेक उपचारांच्या खर्चाचा भार उचलला आहे. पैशाची अडचण पूर्ण सुटली नसली, तरी निदान तिच्याकडे सरकारचे लक्ष आहे. माणसांच्या प्रशिक्षणाकडे तसे लक्ष नाही, कारण त्याचे उद्‌घाटन करता येत नाही. राज्य सरकार, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि टाटा मेमोरियल यांनी एकत्र बसून तीन गोष्टी येत्या शैक्षणिक वर्षाआधी ठरवाव्यात: इंटर्नशिपमधले दोन आठवडे, जिल्हा डॉक्टर आणि परिचारिकांसाठी कुंपण घातलेला एक वर्षाचा अभ्यासक्रम, आणि सुपरस्पेशालिटीच्या विद्यार्थ्यांची जिल्ह्यातली तीन महिन्यांची सेवा. यांतल्या एकाही गोष्टीसाठी नवी इमारत लागत नाही. हे न करता डे-केअर केंद्रांच्या फिती कापल्या, तर जिल्ह्याजिल्ह्यांत खाटा तयार असतील, औषधे आलेली असतील आणि रुग्ण पूर्वीप्रमाणेच परळची वाट धरतील.